घरबसल्या व्यायामाचे सशुल्क ऑनलाइन कार्यक्रम घ्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी हिशेब पाहते आणि इंदिरानगरातील आमच्या लहानशा सदनिकेत टीपॉय भिंतीला लावून गेली सहा वर्षे व्यायाम करते. या काळात दोन सशुल्क ऑनलाइन कार्यक्रम घेतले. त्यांपैकी एकाचे पैसे वसूल झाले, दुसऱ्याचे वाया गेले. जेवणाच्या सुट्टीत आणि सोसायटीच्या जिन्यात याबद्दल तेच ते प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली आहेत. मी प्रशिक्षक नाही आणि माझे वैद्यकीय शिक्षणही झालेले नाही. खालची सगळी उत्तरे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने लिहिलेली आहेत.

व्यायाम तर फुकट करता येतो, मग पैसे नेमके कशाचे मोजायचे?

सूर्यनमस्कार, जोर आणि बैठका यांवर कोणाची मालकी नाही. समर्थ रामदास टाकळीला रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत असत, असे परंपरा सांगते. त्यासाठी त्यांनी कोणाकडे मासिक वर्गणी भरल्याचे ऐकिवात नाही. सशुल्क कार्यक्रमात आपण हालचाली विकत घेत नाही. आज काय करायचे हे आपल्याऐवजी दुसऱ्याने ठरवून ठेवलेले असते, त्याचे पैसे आपण देतो. चार आठवड्यांनी, आठ आठवड्यांनी व्यायाम कसा अवघड करत न्यायचा याची आखणी त्यात असते, आणि काही थोड्या कार्यक्रमांत आपण दांडी मारली तर खरोखरचा माणूस विचारणा करतो.

यांपैकी जी गोष्ट आपल्याकडे नाही, ती हा कार्यक्रम देतो का, एवढाच प्रश्न खरेदीच्या वेळी महत्त्वाचा असतो. ज्यांना आखणी येते पण उठवत नाही, त्यांनी आणखी एक आखणी विकत घेऊन उपयोग होत नाही. फोनवर वाजणारी आठवण म्हणजे विचारणा नव्हे. आठ दिवसांत आपण ती न वाचताच बाजूला सारू लागतो.

पैसे न देता काय काय मिळते?

पुष्कळ मिळते, आणि ते आधी पाहून घ्यावे. आयुष मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी तयार केलेला सामान्य योग अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध असून तो साधारण पाऊण तासाचा आहे. २१ जूनला मैदानांवर सामूहिकपणे केला जातो तो हाच. २०१९ साली सुरू झालेल्या ‘फिट इंडिया’ अभियानाचे अॅप विनामूल्य आहे. कधीच न धावलेल्या माणसाला ९ आठवड्यांत ५ किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा ‘काउच टू ५के’ हा कार्यक्रम ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने मोफत ठेवला आहे, आणि आठवड्याला तीन दिवस एवढीच त्याची मागणी असल्यामुळे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तो सहज पार पडतो. यूट्यूबवर तर इंग्रजी, हिंदी आणि मराठीतही इतके व्हिडिओ आहेत की जन्मभर पुरतील.

अडचण या विपुलतेतच आहे. सकाळी सव्वासहाला उठायचे, साडेसहापर्यंत व्हिडिओ शोधायचा, पावणेसातला तो आवडला नाही म्हणून बदलायचा आणि सातला कुकर लावायची वेळ झाली म्हणून फोन ठेवायचा, हा क्रम मी स्वतः तीन महिने पाळला आहे. ज्यांची अडचण नेमकी अशी आहे, त्यांना थोडे पैसे मोजून तयार क्रम घेणे परवडते.

खरेदीपूर्वी स्वतःची परीक्षा कशी घ्यावी?

चार आठवडे काहीही विकत न घेता आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटे कोणताही मोफत व्यायाम करावा आणि स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर त्या त्या तारखेला फुली मारावी. दूध आणि गॅस सिलिंडर यांच्या नोंदी जिथे होतात तिथेच ही फुली असावी, कारण ती घरातील सर्वांना दिसते.

चार आठवड्यांत १२ फुल्या अपेक्षित आहेत. दहा-बारा फुल्या झाल्या असतील आणि ‘आता पुढे काय’ हा प्रश्न पडला असेल, तर सशुल्क कार्यक्रमाचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. चार-पाचच झाल्या असतील, तर अडचण वेळेची, झोपेची किंवा घरकामाच्या वाटणीची आहे, आणि ती कोणत्याही अॅपमध्ये सुटणार नाही. ‘पैसे भरले की आपोआप करीन’ असे मला वाटले होते. पैसे भरल्याची टोचणी माझ्या बाबतीत जेमतेम अकरा दिवस टिकली.

किंमत जास्त की कमी, हे कसे ठरवायचे?

वर्षाची किंमत दिवसांनी भागून ‘दिवसाला फक्त अमुक रुपये’ असे जाहिरातीत दाखवतात. तो भागाकार चुकीच्या आकड्याने केलेला असतो. किंमत प्रत्यक्ष केलेल्या सत्रांनी भागावी.

माझ्या वहीतील दोन नोंदी देते. पहिला कार्यक्रम १,८०० रुपयांना, एकदाच पैसे भरून घेतलेला, १४ आठवड्यांचा आणि आठवड्याला तीन सत्रांचा होता. ४२ पैकी ३८ सत्रे झाली, म्हणजे सत्राला सुमारे ४७ रुपये पडले. नंतर तोच कार्यक्रम मी दोनदा पहिल्यापासून केला, त्यामुळे हा आकडा आणखी खाली आला. दुसरा ४,९९९ रुपयांचा वार्षिक होता. त्यात शेकडो व्हिडिओ होते, नृत्यापासून मुष्टियुद्धापर्यंत सर्व काही होते, आणि वर्षभरात माझी १९ सत्रे झाली. सत्राला २६३ रुपये! एवढ्या पैशांत शिकवायला माणूस घरी आला असता की नाही ते सांगता येत नाही, पण निदान दोन वेळचा चिवडा नक्की आला असता.

यावरून माझे मत असे झाले आहे की, नवशिक्याने मोठ्या संग्रहाच्या वार्षिक वर्गणीपेक्षा शेवट असलेला, ८ ते १४ आठवड्यांचा, एकदाच पैसे भरण्याचा कार्यक्रम निवडावा. दाखवलेल्या किमतीत जीएसटी धरलेला आहे का, हेही शेवटच्या पानावर जाण्यापूर्वी पाहावे.

रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, लाइव्ह वर्ग आणि वैयक्तिक प्रशिक्षक यांत काय निवडावे?

हे बरेचसे आपल्या दिनक्रमावर ठरते. सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांची पाळी ठरावीक काळाने बदलते. या आठवड्यात सकाळी सहाचा वर्ग जमतो, पुढच्या आठवड्यात त्याच वेळी माणूस रात्रपाळी संपवून घरी येत असतो. आमच्या कारखान्यातील एका सहकाऱ्याने झूमवरील लाइव्ह वर्गाचे तीन महिन्यांचे पैसे भरले आणि त्यातील जवळजवळ निम्मे वर्ग पाळीमुळे बुडाले. वर्गाचे रेकॉर्डिंग नंतर मिळेल असे त्याला सांगितले होते, पण ते २४ तासांत पुसले जात असे, आणि ही अट त्याला पैसे भरल्यानंतर समजली. पाळीच्या लोकांनी रेकॉर्ड केलेला कार्यक्रमच घ्यावा.

ज्यांची वेळ ठरलेली आहे आणि एकट्याने करवत नाही, त्यांना लाइव्ह वर्ग मानवतो. मात्र वर्गात किती जण असतात हे विचारावे. पडद्यावर दीडशे चौकटी असतील, तर प्रशिक्षकाला आपला गुडघा दिसणार नाही. तो वर्ग लाइव्ह असूनही आपल्यापुरता रेकॉर्ड केलेलाच असतो. दहा-पंधरा जणांच्या वर्गात कॅमेरा चालू ठेवून नाव घेऊन चूक सांगितली जात असेल, तर त्याला जास्त पैसे देणे योग्य आहे.

वैयक्तिक प्रशिक्षक व्हॉट्सअॅपवर आपला व्हिडिओ मागवून चुका दाखवतो आणि दर आठवड्याला आखणी बदलतो. हा सर्वांत महाग प्रकार आहे. दुखापतीनंतर पुन्हा सुरुवात करणाऱ्यांना किंवा एखाद्या शर्यतीची तयारी करणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. केवळ ‘थोडे हलके वाटावे’ म्हणून सुरुवात करणाऱ्याला त्याची गरज नाही. पीडीएफच्या स्वरूपात विकली जाणारी तक्त्यांची पाने आधीपासून व्यायाम येणाऱ्यांनीच घ्यावीत.

चांगला कार्यक्रम पैसे भरण्याआधी कसा ओळखावा?

बहुतेक विक्रेते एखादे सत्र नमुना म्हणून मोफत दाखवतात. ते बसून पाहू नये, प्रत्यक्ष करून पाहावे, आणि पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

प्रशिक्षक बैठक शिकवतो कशी ते पाहा. चांगला प्रशिक्षक समोरून आणि बाजूने असे दोन्ही कोन दाखवतो, टाचा जमिनीवर टेकलेल्या ठेवायला सांगतो, उठताना गुडघे एकमेकांकडे वळत असतील तर ते पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवायला सांगतो, आणि ज्याला खोल बसता येत नाही त्याला मागे खुर्ची ठेवून तिच्यावर टेकून उठण्याचा पर्याय देतो. जो फक्त ‘कम ऑन, अजून दहा!’ एवढेच ओरडतो, त्याच्याकडून शिकण्यासारखे फार नसते.

दुसरे म्हणजे आखणीत चढण आहे का ते पाहावे. शरीर ज्या भाराला सरावते, त्या भाराने पुढे फारसा बदल होत नाही. म्हणून आवर्तने, वजन, संथपणा किंवा हालचालीची अवघड आवृत्ती यांपैकी काहीतरी हळूहळू वाढत जावे लागते. माझ्या पहिल्या कार्यक्रमात जोर थेट जमिनीवर नव्हते. पहिले तीन आठवडे भिंतीला हात टेकवून, मग स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेला धरून, मग पलंगाच्या काठावर, आणि अकराव्या आठवड्यात जमिनीवर. ओट्याची कडा जमिनीपासून जितकी उंच तितका हातांवरचा भार कमी, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे. पण कोणत्या आठवड्यात एक पायरी खाली उतरायचे हे मला स्वतःहून ठरवता आले नसते, आणि त्या १,८०० रुपयांचे मोल मला तिथेच कळले. पहिला पूर्ण जोर निघाला तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी होत होती, हे मला अजून आठवते.

तिसरे म्हणजे आठवड्याची मांडणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम तीव्रतेची हालचाल १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस हालचाल ७५ ते १५० मिनिटे करावी, आणि शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचे काम द्यावे. जो कार्यक्रम सातही दिवस उड्या मारायला लावतो आणि ताकदीकडे पाहतच नाही, किंवा विश्रांतीचा एकही दिवस ठेवत नाही, तो घेऊ नये.

‘२१ दिवसांत ७ किलो वजन कमी’ हे खरे असते का?

हिशेब करून पाहू. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा. सात किलोंचे झाले ५३,९००. त्याला २१ ने भागले की दिवसाला सुमारे २,५६७ किलोकॅलरींची तूट येते, आणि अनेक प्रौढांचा चोवीस तासांचा संपूर्ण खर्चच जवळपास तेवढा किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे तीन आठवडे जवळजवळ काहीच न खाता राहावे लागेल. अर्ध्या तासाच्या दमवणाऱ्या व्यायामात साधारण देहयष्टीच्या माणसाच्या दीड-दोनशे किलोकॅलरी जळतात. भाकरी आणि पिठल्याच्या एका वाढणीतच त्या भरून निघतात.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो, तो बहुतांशी शरीरातील पाणी आणि साठवलेले पिष्ट कमी झाल्यामुळे. ‘फक्त पोट कमी करा’ हेही तसेच. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण चरबी कोठून उतरावी हे व्यायाम ठरवत नाही. असे दावे दिसले की बाकीचे पान वाचण्याची तसदी घेऊ नये.

प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राला किती महत्त्व द्यावे?

थोडे द्यावे, पण पडताळून. डॉक्टरांना असते तशी कायदेशीर नोंदणी आपल्याकडे व्यायाम प्रशिक्षकाला सक्तीची नाही, त्यामुळे ‘सर्टिफाइड’ हा शब्द कोणीही लिहू शकतो. कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे हे विचारावे. काही संस्थांच्या संकेतस्थळावर नाव टाकून ते तपासता येते. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळ आहे. कोणी स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवत असेल, तर महाराष्ट्रात त्यासाठी राज्य परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही अवमान नाही. फॉलोअरची संख्या ही पात्रता नव्हे, आणि प्रशिक्षकाच्या स्वतःच्या पोटावरील सहा कप्पेही नव्हेत.

रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी असेल तर ऑनलाइन कार्यक्रम घ्यावा का?

आधी डॉक्टर, मग कार्यक्रम. चांगले विक्रेते सुरुवातीलाच ‘पार-क्यू प्लस’सारखी प्रश्नावली भरून घेतात, तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न असतात आणि हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर, चालू औषधे, हाडे-सांध्यांचे विकार यांविषयी विचारलेले असते. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर पुढची चौकशी केल्याखेरीज सुरुवात करायची नसते. जो कार्यक्रम एकही प्रश्न न विचारता पैसे घेतो, त्याने आपल्या प्रकृतीची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर टाकली आहे असे समजावे.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामादरम्यान साखर कमी होण्याचा धोका असतो. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास रोखून धरू नये. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर साधा कार्यक्रम चालत नाही. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. मात्र असह्य वेदना, सूज आणि त्यासोबत काळ्या चहासारखी लघवी होत असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. छातीत दुखले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर व्हिडिओतील माणूस काहीही म्हणत असो, थांबावे.

घरातील ज्येष्ठांसाठी वेगळा कार्यक्रम घ्यावा लागतो का?

होय, किंवा मुळीच घेऊ नये. ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याच्या आणि ताकदीच्या व्यायामावर भर देते, कारण त्या वयात पडणे महागात जाते. माझ्या सासूबाई रोज दुपारी जेवणाच्या टेबलाजवळील खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठतात-बसतात आणि मग ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर दहा सेकंद उभ्या राहतात. हे त्यांना फिजिओथेरपिस्टने एकदा समोर बसवून शिकवले आणि त्याला एका भेटीचे शुल्क लागले. ‘अगं, फोनमधल्या बाईला माझे गुडघे कुठे दिसतात,’ असे त्या म्हणतात, आणि लाइव्ह वर्गांविषयी मी वर जे लांबलचक लिहिले आहे त्याचे सार त्यात आले.

साहित्य किती विकत घ्यावे लागते?

सुरुवातीला एक मॅट पुरेशी आहे. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली एक किलोची असते, पाच किलो कणकेची पिशवी पाच किलोची, आणि मुलांच्या दप्तरात पुस्तके भरली की वजन हवे तसे कमी-जास्त करता येते. कार्यक्रमाला डंबेल किंवा रबरी पट्टे लागतात का हे आधी वाचावे, कारण अनेकदा कार्यक्रम स्वस्त असतो आणि साहित्याची यादी महाग. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी ‘उड्यांविना’ पर्याय आहे का हेही पाहावे. खालच्या मजल्यावरील काकूंनी सकाळी पावणेसातला वर येऊन ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारल्यापासून मी उड्यांच्या जागी जागच्या जागी गुडघे उचलते. पंचवटीतील जुन्या वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर तर उड्यांचा विचारही करू नये.

एक रुपयाच्या ट्रायलमध्ये काय धोका असतो?

एक रुपया हा किमतीचा आकडा नव्हे. तो भरताना आपण पुढील रक्कम आपोआप कापण्याची परवानगी देत असतो. माझ्या ४,९९९ रुपयांची कथा अशीच आहे. मार्चअखेरीची धांदल होती, सात दिवसांची ट्रायल घेतली, दोन सत्रे केली आणि विसरून गेले. आठव्या दिवशी रक्कम गेली. पूर्वसूचनेचा संदेश आदल्या दिवशी आला होता, पण विजेचे बिल, बँकेच्या जाहिराती आणि कुरिअरच्या संदेशांच्या ढिगात तो न वाचलेला पडून होता. दुसऱ्यांचे हिशेब जुळवणारी मी, माझा स्वतःचा हिशेब असा चुकला. विक्रेत्याने अटींकडे बोट दाखवले. त्या अटींवर मीच खूण केली होती.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपोआप रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, मात्र पहिली परवानगी दिल्यानंतर अशा व्यवहारांत १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी विचारला जात नाही. म्हणून ट्रायल घेतल्याच्या क्षणीच फोनमध्ये पाचव्या दिवसाचा गजर लावावा. त्याहून बरे म्हणजे, आपल्या यूपीआय अॅपमधील ऑटोपेच्या विभागात जाऊन चालू असलेल्या परवानग्या पाहाव्यात आणि नको असलेली तिथेच रद्द करावी. गुगल प्ले मार्फत घेतलेली वर्गणी प्ले स्टोअरमधील सबस्क्रिप्शनच्या यादीतून बंद करावी लागते. फोनवरून अॅप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली असा समज अनेकांचा असतो. ती थांबत नाही.

‘सवलत संपायला १४ मिनिटे’ अशी घड्याळे खरी असतात का?

पान बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावे. घड्याळ बहुधा पुन्हा १४ मिनिटांवर असते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ‘डार्क पॅटर्न’ना आळा घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत खोटी घाई निर्माण करणे आणि वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे या दोन्हींचा समावेश आहे.

पैसे परत मिळत नसतील तर तक्रार कोठे करावी?

प्रथम विक्रेत्याला ईमेलने लेखी कळवावे आणि पैसे भरल्याची पावती, अटींच्या पानाचे व जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. तोंडी किंवा चॅटमधील आश्वासनांवर विसंबू नये. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथेही निकाल लागला नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता बंगळुरूचा असला तरी नाशिककराला नाशिकमध्येच दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. विक्रेता परदेशी असेल तर हे सर्व व्यवहारात फार अवघड होते. कार्यक्रम कितीही चांगला वाटला, तरी मोठी रक्कम एकरकमी परदेशी संकेतस्थळावर भरताना याचा विचार करावा. पैसे घेऊन संकेतस्थळच गायब झाले असेल, तर तो सायबर फसवणुकीचा प्रकार आहे आणि त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. तेथे जितक्या लवकर कळवावे तितके बरे.

मी स्वतः तक्रार केली नाही. सूचना आली होती आणि ती मी वाचली नाही, हे मला ठाऊक होते.

आहाराचा तक्ता आणि प्रोटीन पावडर सोबत देतात, ती घ्यावी का?

आहाराच्या तक्त्यात ब्रोकोली, क्विनोआ आणि अॅव्होकाडो असेल, तर तो आपल्या घरासाठी बनवलेला नाही, एवढे ओळखावे. मटकीची उसळ, डाळ, दही, अंडी, बाजरीची भाकरी यांच्या प्रमाणावर बोलणारा तक्ता उपयोगाचा. जो विक्रेता व्यायाम शिकवतो तोच पावडर विकत असेल, तर त्याच्या सल्ल्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

नाशिकमध्ये जिम, व्यायामशाळा आणि मैदाने असताना ऑनलाइन का घ्यावे?

ज्यांना बाहेर पडता येते त्यांनी बहुधा घेऊ नये. गोल्फ क्लबचे मैदान, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पांडवलेणीच्या पायऱ्या, यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्था आणि जवळपास प्रत्येक उपनगरात उघडलेल्या जिम असताना, शेजारी उभे राहून चूक दुरुस्त करणारा माणूस पडद्यावरील माणसापेक्षा केव्हाही चांगला. जिम घेण्यापूर्वीही तिच्या वर्षभराच्या शुल्काला प्रत्यक्ष जाण्याच्या दिवसांनी भागून पाहावे आणि येण्या-जाण्याचा वेळ त्यात धरावा.

ऑनलाइन कार्यक्रमाची खरी गरज मला दिसते ती तान्हे बाळ किंवा आजारी माणूस घरी असणाऱ्यांना, संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्यांना, जिममध्ये सर्वांसमोर व्यायाम करण्याचा संकोच वाटणाऱ्यांना, आणि जून ते सप्टेंबर या काळात, जेव्हा ट्रॅकवर चिखल होतो आणि चालण्याचा नेम मोडतो. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडील बागाईतदारांना कोणताच व्यायाम विकत घेण्याची गरज नसते, हे आमच्या दिंडोरीच्या मामांचे म्हणणे आहे. त्यांची पाठ मात्र दुखते, आणि पाठीचे व्यायाम त्यांनी अजून केलेले नाहीत.

एकच वर्गणी घरातील दोघांनी वापरली तर चालते का?

अटींवर अवलंबून आहे. काही विक्रेते एका खात्यावर अनेक नावे ठेवू देतात, काही एकाच उपकरणापुरती परवानगी देतात. एकाच खोलीत एकाच पडद्यासमोर दोघांनी व्यायाम करण्याला बहुधा कोणाची हरकत नसते, आणि सत्राचा खर्च त्यामुळे निम्मा होतो.

घेतलेला कार्यक्रम केव्हा थांबवावा?

व्हिडिओ न लावता पुढची हालचाल आठवू लागली, की तो कार्यक्रम आपण शिकून घेतला असे समजावे आणि वर्गणी थांबवावी. पुढील टप्प्याची आखणी हवी असेल तर तीच वर्गणी चालू ठेवण्यापेक्षा नवा, ठरावीक मुदतीचा कार्यक्रम पाहावा. माझ्या १४ आठवड्यांच्या कार्यक्रमाचा क्रम आता वहीच्या दोन पानांत उतरवलेला आहे: दिवस, हालचाल, आवर्तने, आणि शेवटच्या रकान्यात तारीख. फोन त्या वेळात मुलाच्या अभ्यासासाठी मोकळा असतो.